भातुकलीचे नियम

(आमच्या गटाच्या वार्षिक मेळाव्यात 'बायकांची फुरसत' या विषयासाठी एक दुपार राखून ठेवली होती. त्या वेळी एका मैत्रिणीने केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक)

मैत्रिणींनो,

सकाळपासून फुरसतीवर बऱ्याच जणी बोलल्या. कुणी भजनी मंडळाबद्दल सांगितलं, कुणी विणकामाबद्दल. एकीने तर 'फुरसत म्हणजे काय असतं ते आधी सांगा' असं विचारून आपल्या सगळ्यांना गप्प केलं. आणि मग ताईंनी माझं नाव पुकारताना 'या व्हिडिओ गेमवर बोलणार आहेत' असं सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेत हशा पिकला. हसा, माझी हरकत नाही. घरीही हसतात. मी ५२ वर्षांची बाई, एका पतसंस्थेत हिशेब लिहिते, आणि रात्री साडेदहानंतर तासभर मोबाइलवर शेती करते.

सुरुवात झाली २०२० च्या टाळेबंदीत. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे, म्हणून मी रात्रभर अर्धवट जागी. पुतणी कॉलेजसाठी आमच्याकडे राहायची, ती तेव्हा इथेच अडकून पडली होती. एका रात्री ती म्हणाली, "काकू, नुसती भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा हे खेळून बघ." मला वाटलं, गोळ्या झाडायच्या असतील. तर नाही. त्यात एक पडीक शेत होतं, आणि मला त्यातले दगड वेचायचे होते. मनात आलं, हे तर मी आयुष्यभर केलंय, आता खेळ म्हणून करू? पण केलं. सकाळी चार वाजले तेव्हा सासूबाईंनी हाक मारली म्हणून कळलं.

तेव्हापासून मी या जातीचे बरेच खेळ खेळले, काही पुतणीच्या कॉम्प्युटरवर शेजारी बसून पाहिले. आज त्यांच्याबद्दल माझी जी मतं झाली आहेत ती सांगणार आहे. मी यातली तज्ज्ञ नाही. खेळणारी बाई म्हणून बोलते आहे.

आधी भातुकलीची आठवण सांगते, कारण तिच्यावाचून मला हे खेळ समजलेच नसते. आमच्या गोठ्यामागे आम्ही भातुकली मांडायचो. मी, माझी धाकटी बहीण आणि आमचा दादा. चुरमुरे, गूळ, शेंगदाणे. दादा अर्थातच बाबा व्हायचा. तो काठीचा बैल करून गोठ्याला एक फेरी मारायचा, पाच मिनिटांत परत यायचा आणि मांडी घालून बसायचा. मी वाढायची. धाकटी म्हणजे बाळ, तिने झोपून राहायचं. एकदा ती उठून बसली आणि म्हणाली, "आज मी बाबा होणार." दादा म्हणाला, "मग मी खेळत नाही." आणि तो खरंच उठून गेला. खेळ मोडला. मी कुणावर रागावले असेन? धाकटीवर. 'तुझ्यामुळे मोडला' असं म्हणून तिला दोन धपाटेही घातले. बाबा कुणी व्हायचं हा नियम आम्हाला कुणी सांगितला नव्हता, कुठे लिहिलाही नव्हता. पण तो बदलला की खेळ मोडतो, एवढं मला सातव्या वर्षी पक्कं ठाऊक होतं.

मोबाइलमधल्या आणि कॉम्प्युटरवरच्या या खेळांचे दोन मोठे प्रकार. एकात तुम्ही एखादं पात्र होता, त्याच्या नावाने बोलता, लढता, मोठे होता. त्याला रोल-प्लेइंग म्हणतात. दुसऱ्यात एखाद्या गोष्टीची चालती प्रतिकृती असते. शहराची, घराची, शेताची. ते सिम्युलेशन. पुष्कळ खेळांत दोन्ही मिसळलेलं असतं. म्हणजे भातुकलीच की! फरक एवढाच की भातुकलीतले नियम हवेत असतात, आणि इथले कुणीतरी पगार घेऊन, टेबलाशी बसून लिहिलेले असतात. कशाला किती पैसे पडतात, कशाने दमायला होतं, कोणतं काम केलं तर गुण मिळतात आणि कोणतं काम खेळात नाहीच, हे सगळं आधी ठरवून ठेवलेलं. मला खेळता खेळता सवय लागली ती हीच. प्रत्येक खेळात मी आधी बघते, काम कशाला म्हटलंय आणि कशाला म्हटलेलं नाही.

'सिमसिटी' नावाचा शहर वसवायचा एक खेळ १९८९ साली आला. विल राइट या अमेरिकन माणसाने तो केला. त्यामागे जे फॉरेस्टर या प्राध्यापकांचं शहरांच्या वाढीवरचं १९६९ चं पुस्तक होतं. त्यात तुम्ही महापौर. वस्तीचा भाग, दुकानांचा भाग, कारखान्यांचा भाग आखायचा, रस्ते आणि विजेच्या तारा टाकायच्या, कर ठरवायचा, आणि शहर वाढताना बघायचं. वीज आहे, पोलीस आहेत, अग्निशामक दल आहे, स्टेडियमसुद्धा आहे. पाणी नाही! खरंच सांगते. पहिल्या सिमसिटीत पाण्याची सोयच नव्हती. पाण्याच्या पाइपलाइन आल्या त्या १९९३ च्या 'सिमसिटी २०००' मध्ये. राइटसाहेबांबद्दल माझ्या मनात काही नाही, हुशार माणूस आहे. पण हंडा घेऊन नळावर रांगेत उभी राहिलेली एखादी बाई त्या टेबलाशी असती, तर स्टेडियमच्या आधी पाणी आलं असतं एवढं नक्की.

याच राइटचा पुढचा खेळ जास्त मनावर घेण्यासारखा आहे. १९९१ साली कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर मोठी आग लागली, तीत त्याचं घर जळालं. पुन्हा एकेक वस्तू आणून संसार उभा करताना त्याला सुचलं, की माणसाला घरात नेमकं काय काय लागतं याचाच एक खेळ करावा. कंपनीत या कल्पनेला 'बाहुलीघर' म्हणत. आणि वरच्या मंडळींचा सूर असा की बाहुलीघर मुलींसाठी असतं, आणि मुली काही व्हिडिओ गेम खेळत नाहीत. म्हणजे प्रश्नच मिटला! कित्येक वर्षं ते काम रखडत चाललं. २००० साली 'द सिम्स' या नावाने तो बाजारात आला, आणि २००२ पर्यंत ६० लाखांच्या वर प्रती खपून कॉम्प्युटरवरचा तोवरचा सर्वांत जास्त विकला गेलेला खेळ ठरला. खेळणाऱ्यांत बायका-मुली निम्म्याहून जास्त.

सिम्समध्ये राक्षस नाही, लढाई नाही. एक घर आणि त्यात राहणारी माणसं. त्यांना भूक लागते, झोप येते, अंघोळ करावी लागते, बोलायला माणूस लागतं. ताटं घासली नाहीत तर माश्या घोंगावतात. केर काढला नाही तर मन उदास होतं. स्वयंपाक येत नसताना चुलीशी गेलं तर आग लागते. आता यात गंमत काय ते ऐका. आपणहून उठून पसारा कोण आवरणार, हे पहिल्या सिम्समध्ये एका गुणावर ठरतं, नीटनेटकेपणाच्या. तो गुण किती द्यायचा ते पात्र घडवताना खेळणाराच ठरवतो. बाई-पुरुष याचा त्याच्याशी काही संबंध नाही. पुतणीने एक कुटुंब केलं होतं, त्यातला नवरा टापटिपीचा आणि बायको गबाळी. तो जेवण झाल्यावर बायकोचं ताट उचलून घासायला न्यायचा. आमचे हे मागून बघत होते. म्हणाले, "असं कुठे असतं का?" मी म्हटलं, "असतं ना, हे काय समोर आहे."

हे हसण्यावारी गेलं, पण मी त्यावर नंतर विचार केला. २०१९ साली आपल्या सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात दिसलं की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७. मुळात हात लावणारे पुरुष शंभरातले २६. इथे बसलेल्यांपैकी कुणाला यात नवल वाटणार नाही. पण हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, त्यामागे एक नियम आहे, आणि तो वेगळा लिहिला तरी घर चालतं, हे दहा मिनिटांत डोळ्यांनी दाखवणारं दुसरं साधन मला सापडलेलं नाही. आम्ही व्याख्यानं देऊन दमलो!

तरी सिम्सवाल्यांनाही घरकाम पुरतं दिसलं होतं असं नाही. चौथा सिम्स २०१४ मध्ये आला तेव्हा त्यात रांगती-चालती पोरं नव्हतीच. पाळण्यातलं बाळ एकदम शाळकरी व्हायचं. खेळणाऱ्यांनी ओरड केली, तेव्हा २०१७ च्या जानेवारीत ती आली, आणि आल्या आल्या त्यांनी घराची दैना केली, ते अगदी खऱ्यासारखं. कपडेही मळत नव्हते. नवीन जोडसामान कशाचं करायचं यावर कंपनीने खेळणाऱ्यांचीच मतं घेतली, त्यात धुण्याला कौल मिळाला, आणि २०१८ मध्ये धुण्याचं टब, यंत्र आणि वाळत घालायची दोरी असं सगळं आलं. जगभरच्या माणसांनी मतं देऊन धुणं मागून घेतलं, आणि वर त्याचे पैसे मोजले! यावर मी खूप हसले. मग वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे? जे काम रोज करतो ते कुठेतरी दिसावं असं वाटणारच.

टेबलाशी कोण बसलं यावर किती ठरतं, याचा आणखी एक नमुना. पहिल्या सिम्समध्ये बाईने बाईवर प्रेम करावं की नाही यावर कंपनीत चर्चा होऊन 'नको' असं ठरलं होतं. पण एका नव्या प्रोग्रामरच्या हाती जुना आराखडा पडला आणि त्याने तसं लिहून टाकलं. १९९९ साली लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सर्वांसमोर खेळातल्या दोन बायकांनी आपणहून एकमेकींचं चुंबन घेतलं. बातम्या झाल्या, आणि ते तसंच राहिलं.

आता माझी तक्रार. सिम्समध्ये मोलकरीण ठेवता येते. फोन केला की ती येते, ताटं घासते, केर काढते, पैसे घेऊन जाते. पहिल्या खेळात घरच्या प्रत्येक माणसाला भूक, झोप, करमणूक यांच्या पट्ट्या आहेत. मोलकरणीला एकही पट्टी नाही. तिला भूक लागत नाही, तिला घर नाही, तिचं पोर आजारी पडत नाही. गेटाबाहेर गेली की ती संपली. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, तेव्हा त्या हेच तर सांगत होत्या की आम्हालाही पट्ट्या आहेत. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ उजाडलं. आणि मी काही फार वेगळी आहे असं नाही. टाळेबंदीत आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी दोन महिने पूर्ण पगार पाठवला, तिसऱ्या महिन्यात अर्धा. त्या अर्ध्यात त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही. खेळातली मोलकरीण बघताना ते आठवलं, म्हणून इथे सांगितलं.

लढाईच्या, जादूच्या रोल-प्लेइंग खेळांत मी फारशी रमत नाही, त्यामुळे त्यावर थोडकंच. या साऱ्यांची आजी म्हणजे १९७४ सालचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', कागद आणि फासे घेऊन खेळायचा. त्याच्या पुढच्या रूपाची खेळाडूंसाठीची नियमपुस्तिका १९७८ मध्ये निघाली. तीत ताकदीचा आकडा ३ ते १८. योद्ध्याला १८ मिळाले तर पुढे टक्क्यांत जादा ताकद. पुरुषाला ती १०० पर्यंत जाऊ शके, बाईला ५० पर्यंतच. आग ओकणारे ड्रॅगन चालतात, मंत्राने मेलेली माणसं उठतात, पण पुरुषाएवढी ताकदवान बाई? ती काही कुणाला खरी वाटेना! १९८९ च्या आवृत्तीत तो नियम गेला. खेळाचं काहीच बिघडलं नाही.

पुतणी 'मास इफेक्ट' खेळते. त्यात शेपर्ड नावाचा लष्करी अधिकारी आहे, तो पुरुष घ्या किंवा बाई घ्या. हुकूम तेच, संवाद जवळजवळ तेच. २००७ पासून जाहिरातीत आणि खोक्यावर मात्र पुरुष शेपर्ड. २०११ मध्ये कंपनीनेच सांगितलं की १८ टक्के खेळणारे बाई शेपर्ड निवडतात. २०२१ मध्ये तिन्ही खेळ एकत्र नव्याने काढले तेव्हा तो आकडा ३२ झाला होता. पुतणीला त्यात काय आवडतं विचारलं, तर म्हणाली, "काकू, ती खोलीत आली की सगळे बोलायचे थांबतात, आणि ती हसून सॉरी म्हणत नाही." हीच मुलगी इंटरनेटवर अनोळखी मुलांबरोबर खेळते तेव्हा मात्र माइक बंद ठेवते आणि नाव मुलाचं घेते. एकदा आवाज कळला, तर पंधरा मिनिटं जे बोलणं चाललं ते मी इथे सांगू शकत नाही. आणि जिथे ती मुलगी आहे हे ठाऊक आहे, तिथे तिला म्हणतात, 'तू मागे थांब आणि आमच्या जखमा भर.' म्हणजे तिथेही शुश्रूषा आपल्याच वाट्याला.

आता माझ्या शेताकडे येते.

शेतीचे हे खेळ जपानमधून आले. यासुहिरो वादा या माणसाने १९९६ साली पहिला केला, 'हार्वेस्ट मून'. शेतकरी मुलगा, त्याने नांगरायचं, गुरं सांभाळायची, गावातल्या एखाद्या मुलीशी लग्न करायचं. तो इतका चालला की त्याची माळच लागली. त्यातला हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रावरचा तिसरा खेळ जपानमध्ये २००० साली निघाला. त्यात तुम्ही मुलगा होऊ शकता किंवा मुलगी. मुलाने लग्न केलं तर खेळ पुढे चालू. मुलीने लग्न केलं की खेळ संपतो.

हे पुतणीने मला सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं, संपतो म्हणजे काय? संपतो म्हणजे संपतो. लग्न लागलं, संपलं. शेत, गायी, कोंबड्या, जे काही तिने उभं केलं ते सगळं तिथेच. लिहिणाऱ्याने हे दुष्टपणाने केलं असेल असं मला वाटत नाही. लग्नानंतर त्या बाईने काय करायचं हे त्याला सुचलंच नसेल.

त्या माळेवर प्रेम असलेल्या एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने चार वर्षं एकट्याने बसून आपला वेगळा खेळ केला, 'स्टारड्यू व्हॅली'. तो २०१६ मध्ये आला. मी खेळते तो हाच. यात तुम्ही बाई असा की पुरुष, कुणाशीही लग्न करा, जोडीदार तुमच्या घरी राहायला येतो आणि शेत तुमच्याच नावावर राहतं. नवरा कधी पहाटे उठून पिकाला पाणी घालून ठेवतो, कधी गुरांना चारा घालतो, कधी न्याहारी करून देतो. मुलं दोन, ती फार त्रास देत नाहीत. दिवस चौदा मिनिटांचा. रात्री दोनपर्यंत घरी पोचला नाहीत तर जिथे असाल तिथे कोसळता. हे तेवढं माझ्या ओळखीचं होतं.

या खेळातली शेती खोटी आहे, हे मी आधीच सांगून टाकते. कर्ज नाही, सावकार नाही, दुकानदार बियाण्यात फसवत नाही, भाव रातोरात पडत नाही. पाऊस आला की फक्त पाणी घालायचा त्रास वाचतो, त्या पावसाने द्राक्षाचे मणी तडकत नाहीत. तण विळ्याच्या एका फटक्यात जातं. ज्या बाईने वाकून कांद्याची लागण केली आहे तिला हे बघून हसू येईल, आणि विदर्भातल्या एखाद्या विधवेला संतापही येईल. तो संताप योग्यच आहे.

पण खेळ सुरू होताना काय होतं ते ऐका. आजोबा अंथरुणावर आहेत. ते नातवंडाच्या हाती एक बंद पाकीट देतात. पुढे शहरातल्या नोकरीत जीव मेटाकुटीला आला की ते उघडायचं. उघडलं तर आत पत्र, की माझं शेत मी तुला देतो आहे. नातू असो, नात असो, पत्र तेच. तिसरं वर्ष लागलं की आजोबांचा आत्मा येऊन शेत कसं राखलं ते बघतो आणि त्याप्रमाणे मेणबत्त्या लागतात, जास्तीत जास्त चार. मला तीन मिळाल्या. लग्न केलेलं असेल तर त्याचाही एक गुण देतात, आजोबाच शेवटी!

ते पत्र मी रात्री दोन वाजता सासूबाईंच्या उशाशी बसून वाचलं आणि मला रडू आवरेना. पुतणीला वाटलं, सासूबाईंना काही झालं. तिला काय सांगणार?

माझं माहेर नाशिक जिल्ह्यात. चार एकर, दीड एकर द्राक्ष, बाकी कांदा. बाबा २०१७ मध्ये गेले. वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर आई, दादा आणि आम्हा दोघी बहिणींची नावं लागली. २०१८ मध्ये दादाने हक्कसोड पत्राचे कागद केले. गाडी करून आम्हाला निबंधक कार्यालयात नेलं. मी सही केली, अंगठे दिले, फोटो काढला. परत येताना वहिनीने साडी-चोळी केली, ओटी भरली. महाराष्ट्रात १९९४ चा कायदा, देशात २००५ चा, हे सगळं मला माहीत होतं. मीच आपल्या शिबिरात ते समजावून सांगायची. तरी सही केली. दादा वाईट नाही, हे मुद्दाम सांगते. माझ्या बाळंतपणात रात्री मोटारसायकलवरून औषधं आणणारा भाऊ आहे तो.

धाकटीने सही केली नाही. ती अंगणवाडी सेविका आहे, तिचं शिक्षणही माझ्यापेक्षा कमी. ती एवढंच म्हणाली, "मला विकायची नाही. नाव राहू दे." तेव्हापासून तिला दिवाळीचं बोलावणं नाही. भाऊबीजेला मी एकटी जाते. आणि मी तिला तेव्हा काय म्हटलं? 'चार ढेकळांपायी तू माहेर तोडलंस.' थोडक्यात काय, तुझ्यामुळे खेळ मोडला.

त्या रात्रीनंतर दोन महिन्यांनी मी तिला फोन केला. आधी इकडचं तिकडचं, मग खेळाबद्दल सांगितलं, पत्राबद्दल सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "ताई, त्या खेळात भाऊ आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग सोपं आहे," ती म्हणाली.

मी इतके दिवस पाणी कुठे नाही, मोलकरणीची भूक कुठे नाही ते शोधत बसले होते. माझ्या लाडक्या खेळात काय नाही ते तिने पाहिलंही नसताना सांगितलं. तिथलं शेत मला मिळतं, कारण दुसरं कुणी मागणारंच नाही. ज्याच्यावर जीव आहे असा कुणी दारात उभा राहून सही मागत नाही.

मोठ्यांना वाटतं की पोरीबाळी या खेळांनी बिघडतील. काही खेळ वाईट आहेतच. फुकट म्हणून बोलावतात आणि मग 'थांबा, नाहीतर पैसे भरा' म्हणत घड्याळ दाखवतात. त्यात मी एकदा दीडशे रुपये घालवले आणि तो काढून टाकला. स्टारड्यूला एकदाच पैसे पडतात. पण हातातून खेळ काढून घेण्यापेक्षा मुलीला शेजारी बसवून 'यात कोण काय काम करतंय, कोण दिसत नाही' असं विचारून बघा. पुतणी आता माझ्याआधी सांगते.

तर त्या फोननंतर पुतणीने आणि मी एक खेळ करायला घेतला. कॉम्प्युटरचा नाही, तेवढं आम्हाला येत नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारून, कवड्या घेऊन. शेत आहे, आई आहे, दोन बहिणी आहेत, भाऊ आहे. सातबारा आहे, तलाठी आहे, निबंधक कार्यालय आहे, ओटीची साडी आहे. भाऊ चांगला ठेवला आहे, नाहीतर अडचण काय? बहुतेक नियम ठरले. एक अडला आहे. सही नाकारलेली बहीण दिवाळीच्या घरावर आली, तर भावाचा फोन येतो की नाही? मी म्हणते, कवड्या टाकाव्यात, कधी येईल, कधी नाही. धाकटी म्हणते, नियमात 'येत नाही' असंच लिही, मग तिने पुढे काय करायचं ते खेळू दे.

तो कागद मी बरोबर आणला आहे. तिकडे चहाच्या टेबलावर ठेवते. चौघी चौघी बसून एकेक डाव खेळा, आणि त्या घरावर काय लिहायचं ते पेन्सिलीने लिहून ठेवा.